मोजा, वाजवा, मगच बसवा!

मित्रांनो, उन्हाळ्याच्या तोंडावर आईबरोबर मडकं घ्यायला बाजारात कधी गेला आहात का? आई काय करते, आठवा. मडकं उचलते, चहूबाजूंनी फिरवून बघते आणि मग बोटानं त्याला हलकीशी टिचकी मारते. ‘टण्ण’ असा स्वच्छ आवाज आला तर मडकं घरी येतं. ‘बद्द’ आवाज आला तर ते परत जागेवर! डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर कानाला बरोबर कळते.

साधं मडकंसुद्धा आपण वाजवून घेतो. मग ज्या लोखंडी भागाच्या भरवशावर आठ-दहा माणसं डोंगराचा चढ चढणार, तो भाग जुन्या बाजारातून घेताना किती पारखून घ्यायला हवा! आज आपण असाच एक भाग पाहणार आहोत. तो असतो जीपच्या पोटाखाली. चिखलानं माखलेला, काळ्या तेलानं भरलेला. त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीचा सगळा जोर त्याच्यातूनच जातो.

दुसरी बैलजोडी

आपल्या हिंगोली जिल्ह्यातली काळी माती तुमच्या ओळखीचीच आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते आणि चपलेला अशी चिकटते, की पाय उचलवत नाही. अशा मातीत हळदीनं भरलेली बैलगाडी रुतली तर शेतकरी काय करतो? शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणतो आणि पुढे जुंपतो. दोन जोड्या एकदम ओढू लागल्या की गाडी निघते.

फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे हीच युक्ती. साध्या जीपमध्ये इंजिन फक्त मागची दोन चाकं फिरवतं, पुढची दोन नुसती घरंगळत जातात. फोर-व्हीलच्या जीपमध्ये एक दांडा ओढला की पुढची दोन चाकंही कामाला लागतात. म्हणजे दुसरी बैलजोडी जुंपली!

ही जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धात. १९४१ पासून अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी लष्करासाठी ती मोठ्या प्रमाणावर बनवली. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप तयार केल्या. युद्ध संपलं, तेव्हा प्रश्न पडला की आता या गाडीचं करायचं काय? विलीज कंपनीनं १९४५ मध्ये साध्या नागरिकांसाठी, खास करून शेतकऱ्यांसाठी, सीजे-२ए नावाची जीप काढली. आपल्याकडे महिंद्रा कंपनीनं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे हीच गाडी खेड्यापाड्यांत पोचली. आज रस्त्यावर ऐटीत फिरणारी थार ही तिचीच नात म्हणायची!

इंजिनापासून चाकापर्यंत

आता जोर चाकापर्यंत कसा पोचतो ते पाहू. इंजिनातून तो गिअरबॉक्समध्ये येतो. तिथून ‘ट्रान्स्फर केस’ नावाच्या डब्यात जातो. हा डबा म्हणजे दोन रस्ते फुटणारा फाटा समजा. एक लांब दांडा मागच्या चाकांकडे जातो, दुसरा पुढच्या चाकांकडे. या दांड्यांना प्रोपेलर शाफ्ट म्हणतात.

पण दांडा तर गाडीच्या लांबीच्या दिशेत असतो आणि चाकांचा आस आडवा! मग वळण कसं घ्यायचं? त्यासाठी शाफ्टच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, ते क्राउन. क्राउन म्हणजे मुकुट. त्याच्या कडेवरचे दात बघितले की हे नाव का पडलं ते लगेच कळतं. क्राउनच्या आतच ‘डिफरन्शियल’ असतं. त्यातून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन अर्धे दांडे निघतात आणि चाकांना फिरवतात. हा सगळा संच ज्या लोखंडी घरात बसतो, त्याच्यासकट त्याला अ‍ॅक्सल म्हणतात.

डिफरन्शियल कशाला हवं? शाळेच्या कवायतीत रांग वळते ते आठवा. आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागेवरच पावलं टाकतो आणि बाहेरच्या टोकाचा मुलगा लांब लांब ढांगा टाकत धावतो. गाडी वळतानाही बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देतं. फ्रान्समधल्या पेकर नावाच्या घड्याळजीनं १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी ही युक्ती वापरली. गाडीचं काम आणि डोकं घड्याळजीचं, आहे की नाही गंमत?

दिसायला जुळे, पण...

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. जीपचा पुढचा अ‍ॅक्सल बिघडला आणि जुन्या बाजारात तसाच दुसरा मिळाला. रंग तोच, लांबी तीच, बोल्टची भोकंही तीच. घ्यावा का? थांबा! आधी दात मोजा.

युद्धातल्या विलीज जीपच्या क्राउनला ३९ दात असत आणि पिनियनला ८. युद्धानंतरच्या सीजे-२ए जीपच्या क्राउनला ४३ आणि पिनियनला ८. वहीत भागाकार करून बघा:

३९ ÷ ८ = ४.८७५
४३ ÷ ८ = ५.३७५

म्हणजे पहिल्या जोडीत शाफ्ट पाच फेऱ्यांना थोडा कमी फिरला की चाकाची एक फेरी होते. दुसऱ्या जोडीत शाफ्टला पाचपेक्षा जास्त फेऱ्या माराव्या लागतात. शेतीच्या गाडीला वेगापेक्षा ओढण्याची ताकद जास्त हवी, म्हणून तिला ४३ दात दिले होते. बाहेरून बघाल तर दोन्ही जीपचे पुढचे अ‍ॅक्सल जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक आहे तो पोटात, फक्त चार दातांचा!

चार दातांनी काय होतं? समजा, मागे ४३ दातांचा क्राउन आहे आणि चुकून पुढे ३९ चा बसवला. फोर-व्हीलचा दांडा ओढला की दोन्ही शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात आणि सारख्याच फेऱ्या घेतात. दोघांनी ४३ फेऱ्या घेतल्या, तर मागची चाकं बरोबर ८ वेळा फिरतील. पुढची मात्र ४३ × ८ ÷ ३९, म्हणजे सुमारे ८.८२ वेळा फिरतील. चाकाचा परीघ २.२ मीटर धरा. मागची चाकं म्हणतात, ‘आम्ही १७.६ मीटर गेलो.’ पुढची म्हणतात, ‘आम्ही १९.४ मीटर गेलो!’ एकाच गाडीची पुढची चाकं मागच्या चाकांच्या पावणेदोन मीटरहून जास्त पुढे कशी जातील?

मग कुणाला तरी घसरावंच लागतं. चिखलात चाक घसरतं आणि निभावून जातं. पण खडकाळ किंवा डांबरी रस्त्यावर चाक सहज घसरत नाही. तेव्हा सगळा ताण शाफ्टवर, दातांवर आणि दांड्यांवर येतो. स्टेअरिंग जड होतं, फोर-व्हीलचा दांडा अडकून बसतो आणि शेवटी जो भाग सगळ्यांत कमजोर असेल तो कडाडकन तुटतो. दोन बैलजोड्यांची चाल जुळली नाही तर जोखडच मोडायचं, तसंच हे.

यातला खरा धोका आणखी वेगळा आहे. दोन चाकांवर गाडी चालवली तर ही चूक अजिबात कळत नाही! पुढची चाकं तेव्हा मोकळी असतात ना. गॅरेजवाला गावातून एक चक्कर मारून आणतो, सगळं ठीक वाटतं. चूक महिनोन्‌महिने लपून राहते आणि वर येते ती नेमकी अडचणीच्या वेळी. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचंय, पाऊस पडतोय, गाडी चढावर आहे आणि चालक पहिल्यांदाच फोर-व्हील लावतो, तेव्हा! म्हणूनच ‘चालवून पाहिली’ एवढं पुरेसं नाही. भाग बसवायच्या आधीच मोजायला हवं.

(एक लक्षात ठेवा. दात बरोबर जुळलेले असले तरी अशा जीपला कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावायचं नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, त्यामुळे तिथेही ताण येतोच. चारही टायर एकाच मापाचे का हवेत, हेही आता तुम्ही सांगू शकाल.)

न उघडता मोजायची युक्ती

अ‍ॅक्सलचं झाकण उघडलं तर दात मोजता येतात. क्राउनवर खडूनं एका दाताला खूण करायची आणि परत खूण येईपर्यंत मोजत जायचं. पण दुकानदार झाकण उघडू देत नसेल तर? इथे तुमच्या गणिताच्या पुस्तकातली सरासरी कामाला येते.

डिफरन्शियलचा नियम असा, की क्राउनच्या फेऱ्या म्हणजे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी. सुटा अ‍ॅक्सल घोडीवर नीट ठेवायचा. एका बाजूचं चाकाचं टोक घट्ट धरून ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूचं बरोबर दोन वेळा फिरवायचं. शून्य आणि दोनची सरासरी एक, म्हणजे क्राउन बरोबर एक फेरी फिरला. तेवढ्यात पिनियनच्या टोकावरची खडूची खूण किती वेळा फिरली ते मोजायचं. पाच फेऱ्या पूर्ण होऊन वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त गेलं तर ४३ ची जोडी. पाच फेऱ्या पूर्ण व्हायला थोडं कमी पडलं तर ३९ ची. एक खडू आणि सरासरीचं गणित! एवढ्यानं पुढचा मोठा खर्च वाचतो.

मिस्त्रीकाका काय काय बघतात?

दात जुळले म्हणजे परीक्षा संपली असं नाही. आता भागाची तब्येत बघायची. चांगला मिस्त्री ती अशी बघतो:

१. तेल बघणं. आतलं जाड ‘नव्वद नंबरचं’ तेल भांड्यात काढून त्यात चुंबक फिरवायचं. चुंबकाला पिठासारखी बारीक काळी भुकटी लागली तर ती रोजची झीज. पण लोखंडाच्या कपच्या किंवा टोकदार तुकडे लागले तर आत काहीतरी फुटलंय हे नक्की.

२. धुऊन बघणं. भाग रॉकेलनं किंवा डिझेलनं स्वच्छ धुवायचा. मळ असेपर्यंत कोणताच भाग खरं बोलत नाही! प्रत्येक दात उजेडात धरायचा. टवका उडालाय का? देवीच्या व्रणांसारखे खड्डे आहेत का? निळसर झाक आहे का? पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की ते निळं पडतं. म्हणजे हा भाग तेलाशिवाय चालला, तापला आणि त्याचा कडकपणा कमी झाला.

३. पट्टी लावणं. अर्ध्या दांड्याच्या टोकाला सरळ उभ्या खाचा असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात. त्यांच्या कडेनं सरळ पट्टी लावायची. खाचा तिरक्या दिसल्या, तर दांडा ओल्या टॉवेलसारखा पिळला गेलाय. तो आज तुटला नसला तरी उद्या तुटेल. काही अ‍ॅक्सलमध्ये चाक त्या दांड्यालाच धरून असतं. दांडा तुटला की चाकच निखळून बाहेर येऊ शकतं.

४. वाजवणं. दांडा दोरीला टांगून हलकेच ठोकायचा. स्वच्छ, लांबत जाणारा आवाज चांगला. बद्द आवाज आला तर शंका घ्यायची. मडक्याचाच न्याय! रेल्वेतही पूर्वी माणसं हातोडीनं चाकं ठोकून त्यांचा आवाज ऐकत असत.

५. खडूची परीक्षा. ही तर तुमच्या शाळेतलीच वस्तू. भाग रॉकेलमध्ये थोडा वेळ बुडवून ठेवायचा, मग कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड लावायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर एक ओली रेघ उमटते. केसाएवढी चीरही अशी सापडते. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी आगगाडीचे आस याच रीतीनं तपासत. आता तिथे चुंबकाच्या आणि ध्वनिलहरींच्या मदतीनं तपासतात.

६. बेअरिंग फिरवणं. हातानं सावकाश फिरवायचं. लोण्यासारखं फिरलं तर ठीक. खरखर लागली, अडखळलं, तर बाद.

जोडी फोडू नका

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून, जोडीनंच तयार होतात. बहुतेक जोड्यांवर एकच जुळणारा क्रमांक कोरलेला असतो. एका गाडीचा क्राउन आणि दुसऱ्या गाडीचा पिनियन घेऊन जोडी जमवली, तर दात मोजून बरोबर असले तरी ते एकमेकांत नीट बसत नाहीत. गाडी ‘घुंऽऽ’ असा आवाज करत जाते आणि दात लवकर झिजतात.

यातही एक सुंदर गणित आहे. ४३ आणि ८ यांना १ सोडून दुसरा सामाईक विभाजक नाही. त्यांचा लसावि किती? ४३ × ८ = ३४४. म्हणजे पिनियनचा एक दात क्राउनच्या एखाद्या दाताला भेटला, की तीच भेट परत होते ती पिनियनच्या ४३ फेऱ्यांनंतर. दरम्यान पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटून येतो! त्यामुळे झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. आठाला ४० ची जोडी दिली असती, तर तेच ते दात पुन्हा पुन्हा एकमेकांवर आदळले असते. लसावि काय कामाचा, असं कुणी विचारलं तर हे उदाहरण सांगा.

मोठ्यांसाठी दोन शब्द

पालकहो, जुना भाग म्हणजे वाईट भाग असं मुळीच नाही. नीट पारखलेला जुना अ‍ॅक्सल वर्षानुवर्षं चालतो आणि खिशालाही परवडतो. पण काही वस्तू जुन्या घेऊच नयेत. ऑइल सील, शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस आणि बेअरिंग नवेच टाकावेत. सगळं उघडलेलं असताना तेवढ्यासाठी कंजुषी केली, तर पुन्हा सगळं उघडण्याची मजुरी पडते. आणि भाग घेताना पावती जरूर घ्या. पावती द्यायला का-कू करणाऱ्याकडे माल चोरीचा असू शकतो.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट काढला की तो हँडब्रेक गाडीला धरूच शकत नाही. एवढंच नाही, मागचं एक चाक जॅकवर उचललं तरीही गाडी घरंगळू शकते. उचललेलं चाक उलटं फिरतं आणि डिफरन्शियल जमिनीवरच्या चाकाला मोकळं सोडतं! म्हणून गाडी सपाट जागेवर हवी, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ओट हवेत आणि गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली भक्कम घोडी हवी. मुलांनी गाडीखाली जायचं नाही. रॉकेल-डिझेलजवळ काडी ओढायची नाही.

करून पाहा

गाडी नसली म्हणून काय झालं? सायकल तर आहे! कुणा मोठ्यांच्या मदतीनं ती उलटी उभी करा. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दात मोजा. मागच्या चाकावरच्या लहान चक्राचे दात मोजा. मोजताना चक्र फिरतं ठेवू नका, बोट चेनमध्ये जायला नको. आता भागाकार करा. उत्तर काय आलं ते वहीत लिहा. मग मागच्या टायरवर खडूनं खूण करा, पायडल सावकाश एक फेरी फिरवा आणि चाक किती वेळा फिरलं ते मोजा. दोन्ही उत्तरं जुळली का?

मित्राच्या सायकलचेही दात मोजा. दोघांनी बरोबर पायडल मारली तरी एकाची सायकल पुढे का जाते, ते आता कळेल. आणि या दोन सायकली दोरीनं एकमेकींना बांधल्या तर काय होईल? बांधून बघू नका हं, पडाल! वहीतच गणित मांडा आणि उत्तर आई-बाबांना समजावून सांगा.